कॅसेटचे दोन कान

नागपूरच्या एका ठोक व्यापाऱ्याने मला फसवलं आणि मी सौंसरच्या जनार्दन मेश्रामला फसवलं. व्यापाऱ्याने समजून-उमजून फसवलं, मी छाती फुगवून फसवलं. माझ्या वाट्याचं मी खाली सांगणारच आहे, काही लपवणार नाही. त्याच्या वाट्याचं त्याने आजवर सांगितलेलं नाही, म्हणून लिहायला बसलो. त्याचं नाव छापता येणार नाही असं संपादक म्हणाले. ठीक आहे, आपण त्याला शेट म्हणू. हा दिवाळी अंक तो दरवर्षी विकत घेऊन वाचतो हे मला पक्कं माहीत आहे.

पांढुर्ण्याला स्टेशनच्या रस्त्यावर माझं रेडिओ-टेपचं दुकान होतं. त्याआधी त्याच जागेसमोर पोत्यावर बसून मी स्टोव्ह आणि टॉर्च दुरुस्त करायचो. रेडिओ मला कोणी शिकवला नाही. भंगारातले मेलेले रेडिओ घ्यायचे, उघडायचे, एकाचं काळीज दुसऱ्यात घालायचं, बोललं तर आपलं, नाही बोललं तर पुन्हा भंगारात. अशा शिकलेल्या माणसाला दोन रोग जडतात. एक, आपल्याला सगळं कळतं असं वाटतं. दुसरा, कोणी 'असं कसं?' म्हटलं की डोकं तापतं. मला दोन्ही जडले. भाव करण्यात मात्र माझा हात धरणारा पांढुर्ण्यात नव्हता. संत्र्याच्या अडतीवरची माणसं माझ्याकडे टेप घ्यायला आली की बायकोला सोबत आणायची, एकट्याने यायला भ्यायची.

आजच्या पोरांना सांगायला हवं की टू-इन-वन म्हणजे काय. एका पेटीत रेडिओ आणि कॅसेटचा टेप, वर उचलायला दांडी, मागे सहा सेल. विजेवर चालायचं आणि वीज गेली तर सेलवर. वीज तर जायचीच. म्हणून जे उचलून शेतात, मांडवात, दवाखान्यात नेता येतं, त्याचीच मागणी. ऐंशीच्या दशकात असे सेट धडाधड यायला लागले आणि दर महिन्याला त्यात एक नवी करामत. चार स्पीकर, गाण्यासोबत नाचणारे दिवे, आवाज जाडा-बारीक करायच्या पाच सरकपट्ट्या, रीळ संपलं की आपोआप बंद, एका बोटात रेकॉर्डिंग, कॅसेट किती फिरली ते दाखवणारे आकडे. सावरगावचे एक बागायतदार आले. आवाज ऐकायला तयारच नाहीत. दुकानातले सगळे सेट रांगेने लावायला सांगितले, दिवे मोजले आणि ज्याला सगळ्यांत जास्त तो उचलला. लोधीखेड्याचा एक गृहस्थ आठ दिवसांनी सेट परत घेऊन आला. म्हणाला, आकडे फार पळते, बिल किती येईन? विजेच्या मीटरसारखा तो मीटर आहे असं समजून त्याने घरच्यांना गाणी लावायची बंदी केली होती. मी हसलो नाही. हसलो असतो तर गिऱ्हाईक गेलं असतं.

सेट कसा निवडायचा ते मी फुकट शिकवत असे. दुकानदाराची कॅसेट ऐकू नका, घरची न्या, जिचा प्रत्येक ठेका तुम्हाला पाठ आहे. कॅसेट न घालता आवाज पूर्ण मोठा करा, घरघर आली तर खाली ठेवा. झाकण हळू उघडतंय की फाडकन, ते बघा. स्पीकरच्या जाळीला कान लावा; चारांपैकी दोन नुसती जाळी असते. सरकपट्टी वर-खाली करा आणि आवाज बदलतो का ते डोळे मिटून ऐका, कारण काही सेटांत त्या पट्ट्यांना आत तारच जोडलेली नसते. सेल घालून वजन हातात तोला. पोकळ माल हाताला कळतो.

एवढं मी शिकवायचो. आणि जे बघायला हवं होतं ते एक मी स्वतः कधी बघितलं नाही.

कॅसेटच्या मागच्या कडेला दोन टोकांना प्लॅस्टिकचे दोन छोटे चौकोन असतात. मी त्यांना कॅसेटचे कान म्हणायचो. ते तोडले की त्या कॅसेटवर दुसरं काही भरता येत नाही, आधीचं पुसलं जात नाही. सेटच्या आत एक लहानशी पट्टी असते, ती या कानाला चाचपते. कान सापडला तर लाल बटण दबतं, नाही सापडला तर पट्टी आडवी येते आणि बटण दबत नाही. कोणी घरचं काही भरून आणलं, लग्नाची मंगलाष्टकं, म्हाताऱ्याचे आशीर्वाद, जामसांवळीच्या देवळातलं भजन, तर मी पेचकस, म्हणजे स्क्रूड्रायव्हर, घेऊन त्याच्यासमोर कट् कट् करून दोन्ही कान तोडायचो. मग दुकानातल्या माझ्या जुन्या सेटमध्ये ती कॅसेट घालून लाल बटण त्याच्याच बोटाने दाबायला लावायचो. बटण दगडासारखं. माणूस खूश होऊन जायचा. हा माझा मान होता म्हणा, की मस्ती.

आता शेट. त्याच्याकडे मोठ्या नावाच्या छापाचे, सगळ्या करामती असलेले आठ सेट आले होते. मी सकाळच्या गाडीने नागपूरला गेलो आणि दुपारपर्यंत त्याच्याशी भावावर भांडलो. दोनदा उठून रस्त्यावर आलो, दोनदा त्याने माणूस पाठवून परत बोलावलं. तिसऱ्यांदा मी चप्पल घातली तेव्हा तो म्हणाला, "जा, तुमच्या भावात घ्या. पण आज नाही, आठ दिवसांनी माल उचला." मला वाटलं, मी जिंकलो. आठ दिवस कशाला हवे, हे मी विचारलं नाही.

सौंसरच्या बाजाराच्या दिवशी मी तिथे एका कापडवाल्याच्या ओसरीवर सेट मांडून बसत असे. जनार्दन तिथे आला. नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्यावर तो पंप चालवायचा. सोबत त्याचे वडील बकारामजी. अंगाने काटकुळे, गळ्याला मफलर. त्या भागात बकारामजींना कोण ओळखत नव्हतं? जयंतीला, लग्नाला, कोणी गेल्यावरच्या पुण्यानुमोदनाला त्यांची गायन पार्टी गेली नाही असं गाव नव्हतं. गाणी सगळी स्वतःची. विहिरीची, पाटीपेन्सिलीची, नागपूरला दीक्षेला पायी निघालेल्या माणसांची. लिहिता येत नव्हतं, म्हणून एकही गाणं कागदावर नाही. सगळं डोक्यात आणि गळ्यात. आणि गळ्यात गाठ निघाली होती. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की गळ्याचं ऑपरेशन केलं तर माणूस वाचेल, आवाज राहणार नाही. पंधरा दिवसांनंतरची तारीख होती.

जनार्दनने आधी हातात घेतला तो एक साधा सेट. एकच स्पीकर, दिवे नाहीत, रेकॉर्डिंगला दोन बटणं एकदम दाबायची. माझ्याकडे वर्षभर पडून होता, पण खणखणीत.

"भाऊ, हा कितीले?"

मी म्हटलं, हा कशाला, हा बघा ना. आणि त्या आठांतला एक पुढे ओढला. एका बोटात रेकॉर्डिंग, आपोआप बंद, आतच माईक, दिवे.

"मले दिवे नाही पायजे. मले बाबाचा आवाज पायजे."

"आवाजासाठीच सांगून राहिलो मी. म्हाताऱ्या माणसाला दोन बटणं एकदम दबतात का? उद्या त्यांना स्वतःले लावून ऐकायचं राहीन. एका बोटाचं काम पायजे."

बोलणं खोटं नव्हतं. पण साध्या सेटमध्ये मला जेवढं सुटणार होतं त्याच्या तिप्पट यात सुटणार होतं, हेही खोटं नव्हतं. माईक तपासायला मी बकारामजींना म्हटलं, एखादं कडवं गा. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी सेटची दांडी सोडली.

"गाणं काही तपासाले नसते गात," ते म्हणाले. आवाज तेव्हाच घोगरा झालेला. "तू बोल. तुह्या बडबडीवर तपास."

ओसरीवरचे सगळे हसले. मी बोललो, सेटने माझीच बडबड परत ऐकवली आणि सौदा झाला. जनार्दनने भाव केला, पण मन लावून नाही. त्याचं लक्ष वडिलांच्या मफलरकडे होतं.

दहा दिवसांनी तो सकाळच्या बसने पांढुर्ण्याला आला, एकटा, खिशात कॅसेट. तीन दुपारी बसून वडिलांनी दोन्ही बाजू भरल्या होत्या. मध्ये दम लागायचा तेव्हा थांबायचे, पाणी घ्यायचे, मग जनार्दन पुन्हा बटण दाबायचा. दुसऱ्या दिवशी त्यांना नागपूरला न्यायचं होतं. सेट घरीच होता, दवाखान्यात न्यायच्या सामानात बांधलेला.

"भाऊ, एक नक्कल काढून देता का? एकच हाय म्हून जीव घाबरून राहिला."

माझ्या दुकानात दोन कॅसेटांचा मोठा डेक होता. नक्कल काढायला दीड तास लागला असता. नक्कल काढायची म्हणजे तेवढा वेळ डेक अडकणार, आणि त्या दिवशी लग्नाच्या सिझनची कामं पडली होती. हेही एक कारण. पण खरं कारण वेगळं. त्याने माझ्या सेटवर भरवसा ठेवला नाही याचा मला राग आला.

मी पेचकस घेतला. कट्. कट्. कॅसेट दुकानातल्या जुन्या सेटमध्ये घातली, त्याचं बोट धरलं आणि लाल बटणावर ठेवलं.

"दाब. जोर लाव."

बटण हललं नाही.

"कायची नक्कल? आता हा आवाज ज्यानं कॅसेट बनवली तोही पुसू शकत नाही. माझी जबान आहे."

जनार्दनने ते दोन तुटके तुकडे टेबलावरून उचलले. बाबाले दाखवतो, म्हणाला, आणि कागदात बांधून घेऊन गेला.

ऑपरेशन झालं. बकारामजी वाचले. गळ्याला भोक, त्यात नळी, आवाज शून्य. सौंसरला घरी आले तर रोज माणसं भेटायला. जनार्दन कामावर जायचा. म्हातारा अंगणात बाजेवर बसून सेट उशाशी घेऊन आपली गाणी ऐकायचा. कोणी भेटायला आलं की टेप बंद करायचा, आलेल्या माणसाचं ऐकून घ्यायचा.

बंद कसं करायचा, तिथेच सगळं बुडालं. बकारामजी अनेक वर्षं दुपारचा डबा घेऊन जनार्दनच्या पंपघरात जाऊन बसायचे. पंपाच्या स्टार्टरवर दोन बटणं असतात: हिरवं चालू करायचं, लाल बंद करायचं. लाल दाबलं की पंप गप्प. त्यांच्या डोक्यात तेच बसलेलं. सेटवर एकच बटण लाल होतं. पाहुणा आला की ते लाल दाबायचे, आणि गाणं गप्प व्हायचं. गप्प होणारच. कारण गाण्यावर रेकॉर्डिंग सुरू व्हायचं. रीळ मुक्याने फिरत राहायचं, शेवटाला पोचलं की आपोआप बंद, जसा मी शब्द दिला होता. दुसऱ्या दिवशी दुसरी बाजू लावायची, दुसरा पाहुणा. मग कॅसेटीतून पाहुणेच बोलायला लागले, पण ते कोणाला सांगायला म्हाताऱ्याकडे आवाज नव्हता.

आठवड्याने जनार्दनला सुट्टी मिळाली तेव्हा तो वडिलांजवळ ऐकायला बसला. दुसऱ्याच दिवशी सेट आणि कॅसेट घेऊन माझ्या दुकानात आला. भांडला असता तर बरं झालं असतं, भांडणात माझा हात बसलेला आहे. त्याने सरळ कॅसेट लावली. पहिल्या बाजूला एक गाणं पूर्ण, दुसरं अर्धं. मग खट् आवाज, शेळीचं ओरडणं, बाजेची करकर, आणि कोणा म्हाताऱ्या बाईचा आवाज, स्वच्छ, अगदी माईकजवळ:

"गेला तर गेला आवाज, बकारामदादा. टेपात तर हाय ना. टेपातला कोठी जाते?"

उत्तर म्हणून बाजेवर बोटाची एक टिचकी ऐकू येते. म्हणजे हो.

दुसऱ्या बाजूला एकही गाणं उरलं नव्हतं.

मी म्हटलं, असं होऊच शकत नाही. पहिल्यांदा तेच आलं तोंडातून. मग मी सेट उलटा केला, सहा स्क्रू काढले, मागचं कव्हर उचललं. जिथे ती चाचपणारी पट्टी असायला हवी तिथे दोन रिकामी भोकं होती. पट्टी तुटली नव्हती, पडली नव्हती. कोणी तरी स्क्रू फिरवून, नीट, काढून घेतली होती. दुकानात त्या आठांतले दोन सेट उरले होते. तेही उघडले. दोन-दोन भोकं. जनार्दन बाकावर बसून बघत होता.

"म्हंजे बाबाची चुकी नव्हती?" त्याने विचारलं.

"नाही."

"त्याहिले सांगाल का तुम्ही? ते मानून नाही राहिले. जेवत नाहीत."

मी म्हटलं, येतो. पण आधी नागपूरला जातो.

शेट चहा पीत बसला होता. मी दुकानातल्या त्या दोनांपैकी एक उघडा सेट काचेच्या काउंटरवर ठेवला आणि भोकांवर बोट ठेवलं. त्याने चष्मा लावून पाहिलं, घाबरला नाही, लाजलाही नाही.

"भाऊ, तुम्ही भाव किती खाली ओढला ते आठवते का? तेवढं कुठून तरी काढा लागते. दिवे काढले असते तर तुम्हाले पहिल्या मिनिटाले दिसलं असतं. ही पट्टी कोणी पाहते का? तुम्ही पाहिली?"

मी पाहिली नव्हती. हेच मला सहन झालं नाही. मी सेट उचलून आपटला, काउंटरची काच या टोकापासून त्या टोकापर्यंत तडकली. लोक जमले. शेट म्हणाला, सेट बदलून देतो, दोन जास्तीचे देतो, वाढवू नका. मी म्हटलं, सेट नको. माझ्यासोबत सौंसरला चल, त्या माणसासमोर बाजेवर बस, तू काय काढून घेतलंस ते आपल्या तोंडाने सांग. तो म्हणाला, त्या म्हाताऱ्याशी माझा सौदाच झाला नाही, मी तुम्हाले माल विकला. काच मी दुसऱ्या दिवशी माझ्या खर्चाने बसवून दिली. काच मी फोडली होती, तिचं उत्तर मी द्यायचं होतं.

मग घड्याळाच्या जुन्या स्प्रिंगा कापून, वाकवून मी आठ पट्ट्या बनवल्या. विकलेला एकेक सेट शोधत गेलो. सावरगावच्या बागायतदाराच्या घरी त्याचा सेट उघडून पट्टी बसवली. काय बिघडलं होतं ते मी सांगितलं, तर त्याने विचारलं, दिवे तर चालून राहिले ना? लोधीखेड्याला गेलो, तिथे आकड्यांवर कापडी पट्टी चिकटवून ठेवलेली. प्रत्येक ठिकाणी मी स्वतः सांगितलं की सेट खोटा होता आणि मी विकला. त्यांतल्या दोघांनी शिव्या दिल्या. ऐकून घेतल्या. माझ्या आयुष्यात मी शिव्या ऐकून घेतल्याची ती दुसरी वेळ. पहिली वेळ बायकोकडची, जनार्दनची नक्कल काढली नाही हे कळलं तेव्हा.

सौंसरला गेलो तो रविवार होता. बकारामजी बाजेवर बसले होते, माझ्याकडे न बघता. मी त्यांचाच सेट उघडून त्यांना भोकं दाखवली, घरातली कॅसेट घालून दाखवली, पट्टी बसवून दाखवली. म्हटलं, बाबा, तुमचं बोट चुकलं नाही. पट्टी काढणाऱ्याने फसवलं आणि नक्कल नको असं सांगून मी फसवलं. लाल बटण बंद करायचंच असते, तुम्ही बरोबर होते.

त्यांनी बराच वेळ त्या दोन भोकांवर नख फिरवलं. मग कोपरीच्या खिशातून तंबाखूची डबी काढली. तंबाखू सुटली होती, डबीत ते दोन तुकडे ठेवले होते, कॅसेटचे दोन कान. त्यांनी ते माझ्या तळहातावर ठेवले आणि माझी मूठ मिटवली. राग होता की माफी होती, मला कळलं नाही. बोलू शकत असते तर नक्की झणझणीत काही ऐकवलं असतं, पण तेवढ्यापुरताही आवाज राहिला नव्हता. मग त्यांनी जनार्दनकडे बोट केलं आणि बाजेवर ठेका धरला.

जनार्दन लाजला. म्हणाला, बाबा मले गायले लावून राहिले. लहानपणी पार्टीत झांज वाजवायचो, जेवढं आठवते तेवढं.

तो गायला लागला. बेसूर नव्हता, बिचकत होता. बरोबर आलं की म्हातारा बाजेवर एक टिचकी मारायचा, चुकलं की दोन. दोन टिचक्या पडल्या की जनार्दन थांबायचा, शब्द शोधायचा, पुन्हा म्हणायचा. पुढची दोन वर्षं, बकारामजी होते तोवर, बाजाराच्या दिवशी दुकान आवरून मी त्यांच्या अंगणात जायचो, साधा एक-स्पीकरचा सेट घेऊन. तोच, जो जनार्दनने पहिल्यांदा हातात घेतला होता. असं एकेक कडवं खणून आम्ही चौदा गाणी वर काढली. बाकीची, जनार्दन म्हणतो, दहा तरी असतील, ती पाहुण्यांच्या बोलण्याखाली गाडली गेली. या चौदांच्या प्रत्येकी तीन नकला आहेत. मी काढल्या. पण आवाज जनार्दनचा आहे. बकारामजींचा स्वतःचा आवाज दीड गाण्यापुरता राहिला.

शेट आता काठी घेऊन चालतो. दुकान त्याची मुलं बघतात, मोठं शोरूम आहे. दरवर्षी दिवाळीच्या आधी मी तिथे जातो. काउंटरवर हे दोन तुकडे ठेवतो आणि विचारतो, सौंसरला कधी येता? पहिली काही वर्षं तो चिडायचा. मग हसायला लागला. हल्ली पोराला सांगतो, काकाले चहा दे. चहा मी पीत नाही.

तर शेट, आता छापून विचारतो. भावाचं म्हणाल तर ओढला मी, कबूल. मालातून काय काढायचं हे मात्र तुम्ही ठरवलं. जे डोळ्याला दिसलं असतं ते तुम्ही ठेवलं आणि ज्याच्यावर माणसाचा आवाज टिकून होता ते काढलं, कारण तिकडे कोणी बघणार नाही हे तुम्हाला माहीत होतं. मी माझ्या वाट्याचं त्या अंगणात जाऊन बोललो आहे. पट्टी तुम्ही का काढली आणि त्या पट्टीत तुमचं किती वाचलं, ते जनार्दनला त्याच्या तोंडावर सांगा. तो सेवेतून निवृत्त झाला आहे, घरीच असतो, बाजही तीच आहे. ती कॅसेट दोन्ही बाजूंनी पूर्ण ऐका, शेळीसकट. मध्ये उठायचं नाही. नागपूरहून सौंसरला बस दिवसभर असतात. कोणत्या बसने येता तेवढं कळवा, मी स्टँडवर उभा राहीन.